मुठीतलं पिल्लू

"काहीच जाणवत नाहीये," साहेब म्हणाले आणि त्यांनी हातातलं यंत्र आणखी आवळलं.

त्यांच्या डोळ्यांवर हेडसेट होता. त्यात त्यांना स्वतःच्या तळहातावर घरट्यातून पडलेलं पिल्लू दिसत होतं. त्याची ऊब, श्वासाबरोबर फुगणारं पोट, काळजाची टकटक, सगळं त्या लिंबाएवढ्या यंत्रातून हाताला जाणवायचं. ताईने ते साहेबांच्या कंपनीसाठी घडवलं होतं, धाकट्या बहिणीच्या, भिंगरीच्या, तळहाताच्या मापावर. म्हणून शाळा सुटली की भिंगरी दप्तरासकट वर्कशॉपमध्ये हजर. मापाची मालकीणच ती!

"सैल धरा, साहेब," ताई म्हणाली.

"सैल धरून काय डोंबल वाटणार? उद्या गिऱ्हाईक येणार, त्याला दणका पाहिजे. पिस्तुलाचा झटका बसव म्हटलं, तर तुझं आपलं पिल्लू, पिल्लू..." बोलता बोलता त्यांची मूठ गच्च झाली. मग ते थांबले. "हे बंद पडलं."

ताई वायर गुंडाळत राहिली.

"बंद नाही पडलं, काका," भिंगरी म्हणाली. "मेलं."

"काय?"

"तुम्ही चिरडलंत ना."

एरवी ताईने डोळे वटारले असते. आज नाही वटारले.

साहेबांनी हेडसेट कपाळावर सरकवला. "नाटक पुरे. जिवंत कर परत."

"होत नाही. नवं देता येतं. हे गेलं."

"म्हणजे तसं बटणच नाही?"

"ठेवलंच नाही."

"मग ठेव! उद्या सकाळपर्यंत. नाहीतर पिल्लू रद्द, पिस्तूल चालू. गिऱ्हाइकाच्या हातात मेलेलं पाखरू ठेवू होय?"

"मी जिवंतच ठेवणार आहे." ताईचा आवाज चढला नाही, पण वायरचं वेटोळं टेबलावर आपटलं. "पुढचं त्याच्या हातात. बटण हवं तर दुसऱ्या कुणाकडून बसवून घ्या. पिस्तूलसुद्धा."

"आणि तळहातही दुसऱ्या कुणाचा आणा," भिंगरीने शेपूट जोडलं. छाती अशी काढली होती की दप्तराचा पट्टाच खांद्यावरून घसरला.

साहेबांनी मुठीकडे पाहिलं. यंत्राची ऊब हळूहळू उतरत चालली होती. ताईने तेही बसवलं होतं.

साहेबांनी हळूच मूठ उघडली.

"दुसरं आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

त्यांनी हेडसेट पुन्हा खाली ओढला, यंत्र डाव्या तळहातावर घेतलं, बोटं न मिटता. उजवा हात ते पँटला पुसत होते.