कुलूप लावलेला आवाज

या, जरा पुढं सरकून बसा. चपला राहू द्या तिथंच, या देवळातून अजून तरी कोणी नेल्या नाहीत. आरतीला अवकाश आहे. तोवर आमच्या प्रभाकररावांची गोष्ट सांगतो. मधेमधे हसू येईल, पण ऐका शेवटपर्यंत.

प्रभाकरराव आर्वीचे कापड दुकानदार. दुकान आता मुलगा पाहतो आणि हे कीर्तन पाहतात. तळेगावच्या नानाजींचं कीर्तन जिथं असेल तिथं हे पहिल्या रांगेत, फोन उभा धरून. नानाजींचा आवाज असा, की नमनालाच मागच्या बायका बोलायच्या थांबत. नमनही त्यांचं स्वतःचं, ‘एकला नाही आलो देवा, संगे आणला गाव सारा.’ प्रभाकररावांनी ही सगळी कीर्तनं इंटरनेटवर चढवली होती. नोकरीसाठी पुण्याकडं गेलेली आमची पोरं तिकडं भाजी चिरता चिरता ऐकत.

मग कोण्या एका चॅनेलवाल्यानं तीच कीर्तनं उचलली, नानाजींच्या जागी आपलं नाव टाकलं आणि ऐन नमनात गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात घुसवली.

“देवाच्या दारात तेल विकून राह्यला लेकाचा,” प्रभाकरराव म्हणाले. “ह्या इंटरनेटवाल्या कंपनीचं हापिस कुठं आहे? नागपूरले असन तं उद्याच जातो.”

“बाबा, ते समुद्रापलीकडं आहे,” त्यांची सून मयुरी म्हणाली. “अन् तिथं माणूस नाई ऐकत, मशीन ऐकते.”

“मंग मशीनले सांग.”

मयुरीनं शोधून काढलं. त्या कंपनीकडं एखाद्या आवाजाची अशी नोंद करता येत होती, की तो आवाज दुसऱ्या कोणी वाजवला की मशीन ओळखणार आणि तिथल्या तिथं बंद पाडणार. आपण फक्त एका चौकोनात खूण करायची, की हा आवाज माझ्या मालकीचा आहे.

“पण आवाज तं नानाजींचा आहे,” मयुरी अडली. “त्यायले एकदा विचारा ना.”

“त्यायले काय विचाराचं? मी काय परका आहो? कर खूण.”

तेलवाला बंद पडला. प्रभाकररावांनी आम्हा सगळ्यांना पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

त्यानंतर नानाजींच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी आपल्या शिष्येला, कारंज्याच्या मोहिनीला, जवळ बसवून सांगितलं होतं, “तुयं पहिलं कीर्तन नमनापासून आरतीपर्यंत ऐकीन, मंग ह्या चिपळ्या तुया.” मोहिनी गुणी पोरगी, पण नानाजी समोर आले की तिचा गळा धरायचा. तालमीत ते दारात दिसले तरी ती पेटीचा भाता लावून टाकायची. “मले पाहून दुकान बंद करते,” असं नानाजी तिला चिडवत.

तिचं पहिलं कीर्तन कारंज्याच्या देवळात ठरलं. नानाजींना प्रवासाची, धुळीची मनाई. म्हणून देवळाच्या मधुकररावांनी फोन तिपाईवर लावून कीर्तन थेट इंटरनेटवर सोडलं. तिकडं तळेगावला भागीरथाकाकूंनी, म्हणजे नानाजींच्या पत्नीनं, आपला फोन उशीला टेकवून नानाजींपुढं ठेवला. नानाजींच्या घराण्याची रीत अशी, की गुरूनं नमन सुरू करायचं आणि शिष्यानं ते मधून उचलायचं. गुरूला तर आता आवाज नाही. तेव्हा मोहिनीनं त्यांचं जुनं नमन भोंग्यावर लावलं आणि चिपळ्यांशिवाय, रिकामे हात जोडून उभी राहिली. मंडप भरून तो आवाज आला. आम्ही दोघं मंडपातच होतो, माझ्या शेजारी प्रभाकररावांनी डोळे पुसले. दुसऱ्या ओळीला मोहिनीनं सूर उचलला, कुठं जोड दिसू दिली नाही.

तेवढ्यात प्रभाकररावांचा खिसा थरथरला. त्यांनी फोन काढला, चष्मा वर केला, वाचलं आणि मला कोपरानं ढोसलं.

“पाह्य. सापडला अजून एक चोर.”

मीही वाकून पाहिलं. तुमच्या आवाजाची नक्कल सापडली, प्रसारण थांबवलं आहे, तुम्हाला काही करायची गरज नाही, असा काहीसा इंग्रजी मजकूर होता. खाली चोराचं नाव होतं. कारंज्याचं देऊळ.

प्रभाकररावांचा चेहरा मी पाहिला. पाहिला नसता तर बरं झालं असतं.

त्यांनी हाताआड फोन धरून मयुरीला लावला. “सोडवता येते बाबा, पण त्याले दिवस लागते,” तिकडून मयुरी सांगत होती. मागून एक म्हातारी करवादली, “कीर्तनात तरी फोन ठेवा जी.” त्यांनी ठेवला. समोर मोहिनी अशी रंगली होती, की मला नानाजींच्या जवानीतलं कीर्तन आठवलं. प्रभाकरराव मान खाली घालून बसले होते. मधे एका ओळीला त्यांच्या तोंडून नकळत “वा” निघून गेलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

आरती झाल्यावर मोहिनी धावतच आली. “काकाजी, नानाजींनी ऐकलं असन ना?”

मधुकरराव तिपाईपाशी डोकं खाजवत उभे होते. “नमनातच बंद पडलं, पोरी. नेट गेलं असन. रेकॉर्डिंग तिकडंच साठत होतं, तेबी गेलं.”

“हो,” प्रभाकरराव म्हणाले. “नेटच गेलं असन.”

मी तिथंच उभा होतो. मीही मान डोलावली.

त्यानंतर तळेगावहून ना निरोप, ना चिपळ्या. शेवटी मोहिनीनंच प्रभाकररावांना फोन केला. तिचा आवाज बसला होता. “भागीरथाकाकू म्हणते, नेट तं चालू होतं. बाकी सारं दिसे, तुयंच तेवढं बंद झालं. नानाजींले वाट्टे, म्या लाजून मुद्दाम बंद केलं. ते बंद फोनापुढं आरतीच्या वेळेपर्यंत बसून होते म्हणते. काकाजी, आता कोणत्या तोंडानं जाऊ मी?”

प्रभाकरराव उठून चपला शोधू लागले. मग म्हणाले, “तयार राह्यजो. मी येतो तुले घ्याले.”

त्यांनी मलाही सोबत घेतलं, एकट्याची हिंमत नव्हती. नानाजी ओसरीत खाटेवर बसले होते, गळ्याला मऊ फडकं. मोहिनीला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. प्रभाकरराव खाली जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. तेलवाला, मशीन, चौकोनातली खूण, कारंज्याला बोललेलं खोटं. “म्या लिहून देल्लं नानाजी, का हा आवाज माया आहे. तुमाले विचारलं नाई. पोरीचा काई दोष नाई.”

नानाजी त्यांच्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी भिंतीवरच्या चिपळ्या काढल्या, एक बोट प्रभाकररावांच्या गळ्याकडं केलं आणि ताल धरला.

प्रभाकररावांना कळेना. भागीरथाकाकू आतून म्हणाल्या, “हे म्हणून राह्यले, आवाज तुमचा आहे ना, मंग तुमीच म्हणा नमन.”

आता हे बघा, प्रभाकररावांना भजनात आम्ही टाळ देतो, पण माइकपासून लांब बसवतो. त्यांनी हात जोडले, नानाजींचा ताल थांबेना. मग ते गायले. ‘एकला नाही आलो देवा.’ काय सांगू, कुंपणाबाहेर एक बकरी ओरडली आणि आतून काकूंचं हसू ऐकू आलं. नानाजी हसले नाहीत. ‘संगे आणला’वर प्रभाकररावांचा आवाज फुटला आणि पुढचं येईना. चिपळ्या वाजतच होत्या.

ते अर्धं राहिलेलं मोहिनीनं उचललं.

नानाजी समोर होते, हातभर अंतरावर, आणि तिचा गळा धरला नाही. ती नमनापासून आरतीपर्यंत गायली. शेजारच्या बाया सूप बाजूला ठेवून ओसरीत येऊन बसल्या. आरती संपल्यावर नानाजींनी चिपळ्या तिच्या हातात ठेवल्या आणि तिच्या कपाळाला बुक्का लावला. मग आम्हा सगळ्यांना लावला. प्रभाकररावांनाही लावला. पण त्यांच्याकडं न बघता.

माफ केलं की नाही, हे त्यांना आजही ठाऊक नाही. विचारवत नाही, म्हणतात. मशीनवरची नोंद त्यांनी मागं घेतली. तेलवाला परत आला आहे. कोणी सांगितलं तर म्हणतात, “वाजू दे. गुडघे तं साऱ्याइचेच दुखते.” कीर्तनात आता ते फोन काढत नाहीत. हात मांडीवर ठेवून मागच्या रांगेत बसतात. ते बघा, खांबाला टेकून बसलेत ना, तेच.

घंटा झाली, उठू या. तुम्ही फोनवर कीर्तन ऐकत असाल आणि ऐन रंगात आवाज तुटला, तर कोणाला शिव्या देण्याआधी आमच्या प्रभाकररावांची आठवण करा. आणि तुटलेली ओळ येत असेल तशी, बेसूर का होईना, पुढं म्हणा.