सुट्टीचा वार

"उद्या मैदानावर कुणी यायचं नाही," बाबा सांगत होते. "उद्या सुट्टी. घरी लोळा, झोपा, काय हवं ते करा. पण पळायचं नाही."

भिंगरीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. दवाखान्यातून घरी जाताना बाबांचा विसरलेला चष्मा द्यायला ती मैदानाच्या पायऱ्यांपाशी थांबली होती. समोर दहाबारा मुली पाय पसरून बसल्या होत्या. ज्या माणसाच्या तोंडून तिने आयुष्यात सुट्टी हा शब्द ऐकला नव्हता, तो त्यांना विश्रांतीचं महत्त्व पटवून देत होता.

"हाडाला भरून यायला वेळ द्यावा लागतो. आणि दुखलं तर लगेच सांगायचं. दुखणं म्हणजे काही नखरे नव्हेत."

नखरे हा त्यांचाच शब्द.

भिंगरी हे नाव तिला याच मैदानाने दिलेलं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तिच्या वयाच्या मुलींमध्ये तिला गाठणारं कुणी नव्हतं. बाबा तेव्हा बस चालवायचे. पहाटे ती पुढे पळायची आणि ते मागून सायकलवर. ताप असो, पाळी असो, खाडा नाही. निवडीची शर्यत जवळ आली तशी तिची डावी नडगी ठणकायला लागली. आई गरम पाण्याच्या पिशवीने शेकायची.

"बाबा, आजच्या दिवस नको ना."

"नखरे पुरे. पाय दुखतोय म्हणजे पाय तयार होतोय."

एका सकाळी चढावर सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि ती कोसळली. मागून बाबा म्हणाले, "ऊठ." ती उठली. चार पावलं पळालीसुद्धा.

हाड जुळलं ते वाकडं. पाय आखूड झाला. आता ती दवाखान्यात फाटक्या चादरी शिवते आणि शिलाई मशीनचं पायडल उजव्या पायाने चालवते.

रात्री जेवताना तिने विचारलं, "बाबा, हे सुट्टीचं कधीपासून?"

"प्रशिक्षकांच्या शिबिराला गेलो होतो ना, तिथे एक डॉक्टर बोलले. पोरींना रोज दमवणं चूक आहे म्हणाले. मला लगेच पटलं."

"लगेच?"

"तुझा पाय डोळ्यांसमोर आला ना. तुझ्यावरूनच तर शिकलो. वाया नाही गेलं काही."

मोरीशी भांडी विसळणाऱ्या आईचे हात थांबले. मग पुन्हा पाण्याचा आवाज सुरू झाला.

भिंगरी वाट बघत राहिली. बाबांचं बोलणं अजून संपलं नसावं, पुढे काहीतरी येणार असावं, असं तिला वाटत होतं. बाबांनी ताट पुसून घेतलं.

"असं कर, शनिवारी ये मैदानावर. पोरी माझ्या चोरून पळतात. तुझा पाय एकदा बघितला की डोक्यात बसेल त्यांच्या."

"अहो, ती काय मांडून ठेवायची वस्तू आहे?" आई म्हणाली.

"त्यात लाजायचं काय? चार पोरींचं भलंच होईल."

शनिवारी ती गेली. पाय दाखवताना बाबांना तो कसा मोडला हे सांगावंच लागेल, आणि ते सांगताना एकदा तरी ते म्हणतील, चूक माझी होती, असं तिच्या मनात होतं. एवढ्यासाठी ती गेली.

तिला पायरीवर बसवून बाबा मुलींकडे वळले. "ही माझी मुलगी. तुमच्यात कुणी हिच्या जवळपाससुद्धा नाही, अशी पळायची. पण हट्टी. दुखतंय हे कुणाला सांगितलंच नाही. अंगावर काढलं. दाखव गं."

तिने सलवारीची मोहरी गुडघ्यापर्यंत वर केली. मुली पुढे सरकल्या. एकीने तोंड फिरवलं.

"ताई, अजून दुखतं?" त्यातल्या एका बारकुडीने विचारलं.

"आता कुठलं दुखतंय," बाबा म्हणाले.

"दुखतं," भिंगरी म्हणाली. "आणि मी सांगितलं होतं. रोज सांगत होते."

आवाज चढला नव्हता तिचा. मुली बाबांकडे बघू लागल्या. बाबांनी शिट्टीची दोरी सारखी केली.

"चला, उठा. दोन फेऱ्या, सावकाश."

सगळ्या उठल्या. बारकुडी तिथेच उभी राहिली. "सर, माझी टाच दुखतेय. परवापासून."

बाबांनी वाकून तिची टाच अंगठ्याने दाबून पाहिली. इतक्या हलक्या हाताने, की तो अंगठा आपल्या बापाचा आहे हे भिंगरीला खरं वाटेना.

"बस इथे. आठवडाभर पळायचं नाही. थांब, बर्फ आणतो."

आणि ते स्वतः समोरच्या दुकानाकडे निघाले. घाईघाईने, जवळजवळ पळतच.

भिंगरीने मोहरी खाली ओढली आणि जरा सरकून त्या मुलीला पायरीवर पाय लांब करायला जागा करून दिली.