माझी दारू

"ताई, तुमची मीटिंग पलीकडच्या खोलीत," मिशीवाले काका दारातच म्हणाले आणि तिच्या नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी त्याला आत ओढलं. "या भाऊ, या. पहिल्यांदा जड जातं. आम्ही सगळे त्यातलेच."

कटरबाई तोंड उघडून तशीच उभी राहिली. गणवेश शिवायच्या कारखान्यात ती कापड कापायच्या मशीनवर होती, म्हणून सगळे तिला कटरबाई म्हणत. मध्यंतरी पात्यानं कापडाबरोबर तिच्या बोटाचाही तुकडा नेला. सुपरवायझरला तिच्या तोंडाचा वास आला आणि त्यानं बजावलं, दारू सुटेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. या मीटिंगचा पत्ताही त्यानंच दिला. हे सगळं ती काकांना सांगणार, तोच नवरा हळूच म्हणाला, "जा ना, बस जरा तिकडे."

आणि खुशाल जाऊन बसला की! घड्याळं दुरुस्त करणारा, खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून मग पिणारा माणूस, पिणाऱ्यांच्या गोलात मांडीवर हात ठेवून बसला.

पलीकडे पिणाऱ्यांच्या बायका होत्या. त्यांतल्या चष्मेवाल्या ताईंनी तिला जवळ बसवून घेतलं.

"किती वर्षं पितोय?"

"ते नाही हो पीत."

"सुरुवातीला आपण असंच म्हणतो गं. झाकायला बघतो." ताईंची नजर तिच्या बोटाच्या पट्टीवर गेली. "हे त्यानंच ना?"

"मशीननं कापलं."

"हो हो, मशीननंच," ताई म्हणाल्या आणि शेजारणीकडे बघून त्यांनी मान हलवली.

आता काय बोलणार कपाळ! मग कोपऱ्यातली एकजण डोळे पुसत म्हणाली, "एक बरंय, आपण बायका तरी पीत नाही. नाहीतर पोरांकडे कुणी बघितलं असतं?" सगळ्या जणी हुंकारल्या. कटरबाईच्या मस्तकात तिडीक गेली. पोरीचे डबे तिनं पिऊन केले होते, आणि पिऊन करायचे विसरलीही होती. ते या बायांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

दोन खोल्यांच्या मध्ये नुसतं प्लायवूड होतं. त्यातून नवऱ्याचा आवाज आला.

"मी... मी पितो. बाटली पिठाच्या डब्यात लपवतो. पोरीच्या शाळेत बक्षीस समारंभाला पिऊन गेलो आणि जिन्यात पडलो. पोरीनं मैत्रिणींना सांगितलं, चक्कर आली म्हणून."

पडली कटरबाई होती. डबा तिचा होता. त्याला पिठाच्या डब्याचं माहीत होतं तर! किती वेळा त्यानं तो डबा वरच्या फळीवरून काढून दिला होता, जपून, आडवा न करता, आणि चकार शब्द काढला नव्हता.

पलीकडे टाळ्या वाजल्या.

टाळ्या! ती तरातरा उठली. ताईंनी धरलेला हात तिनं हिसडून सोडवला आणि शेजारच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

"उठा," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, जरा हळू. लोक आहेत."

"लोकांसाठीच चाललंय ना हे सगळं? काय म्हणून माझं पिणं तुमच्या नावावर लावलंत?"

"तुझ्यासाठीच केलं," तो कुजबुजला. "इथं काय सांगतात ते ऐकायचं आणि घरी येऊन तुला सांगायचं. बाईमाणसाचं असं चारचौघांत झालं की पोरीला उद्या..."

"आजवर माझं उष्टं ताट उचललं नाहीत कधी, आणि दारू बरी उचलता आली! माझी आहे ती. मला सोडायचीय. तुम्ही घरी येऊन सांगणार आणि माझी सुटणार? मशीन जाईल माझं. पोरगी तर माझ्याशी बोलायचीच बंद झालीय."

मिशीवाले काका उठले होते. त्यांनी आधी तिच्याकडे आणि मग त्याच्याकडे बघितलं. "भाऊ, खरं काय ते बोला. इथं दुसरं काही चालत नाही."

नवऱ्याची मान खाली गेली. "मी पीत नाही," तो म्हणाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. समोरच्या खुर्चीवरचा एकजण फिसकन हसला, तशी ती त्याच्यावर गरजली, "हसतोस काय रे? तुझी बायको पलीकडे रडतेय." त्याचं हसू जागीच विरलं.

"बोला ताई," काका म्हणाले. "चुकलंच माझं. दारात विचारायला हवं होतं."

"ह्यांनी सांगितलं ते सगळं माझं," ती म्हणाली. आवाज चिरकत होता, रागानं की कशानं ते तिलाही कळेना. "पण ह्यांना सगळंच माहीत नाही. आज इथं यायला निघताना हे खाली उभे होते. मी पर्स राहिली म्हणून वर गेले. पर्स खांद्यालाच होती. मी पिऊन आलेय."

नवऱ्यानं मान वर केली. तिनं मात्र त्याच्याकडे बघितलं नाही. काकांनी एक खुर्ची तिच्याकडे सरकवली.

पुढे काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं. तरी ती बसली नाही.