जांभळी म्हणावी की निळी

माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवर किती भरवसा असतो हे पाहायचं, तर ते डोळे दगा देतायत अशी त्याला नुसती शंका येऊ द्यावी. दाजींना ती मंगळवारी आली.

दाजी म्हणजे काचेच्या एका लहानशा कारखान्यातले थोरले साडू. भट्टी त्यांची. घासून चमक आणायचं काम धाकट्या साडूचं. बांधाबांध, गिऱ्हाइकं आणि या दोघांचे रुसवेफुगवे, एवढं सगळं धाकटीकडे, म्हणजे दाजींच्या मेहुणीकडे. काच वितळवायची मूस किती तापलीय हे दाजी नुसतं बघून सांगत. "मोजायची यंत्रं आंधळ्यांसाठी," असं त्यांनी तीस वर्षांत इतक्या जणांना सुनावलं होतं, की आता आपल्यालाच दिसत नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

या खेपेच्या फुलदाण्या नेहमीसारख्या मँगनीज घालून जांभळ्या केलेल्या नव्हत्या. गिऱ्हाइकाला नियोडिमियमच्या हव्या होत्या. काचेला रंग देणारी ही दुर्मिळ जातीची पूड दाजींनी जन्मात पहिल्यांदा हाताळली. पहिली मूस वितळली, फुलदाण्या फुंकून झाल्या, सावकाश निवल्या. दाजींनी एक उचलून अंगणात उन्हात धरली. झकास जांभळी! आत आणून ट्यूबलाइटखाली ठेवली, तर फिकट निळी. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. चौथ्या फेरीला त्यांच्या मनात मोतीबिंदू पिकून तयार झाला होता.

बोलले कुणाला? नाव नको. उलट बुधवारच्या मुशीत निळेपणा मारायला गुपचूप मँगनीज टाकून मोकळे झाले.

गुरुवारी चहाच्या वेळी मात्र त्यांनी कप खाली ठेवला आणि साडूला म्हणाले, "उद्यापासून भट्टी तू सांभाळ."

"का? मी काही बोललो का?"

"तू कशाला बोलतोस! माझे डोळे गेले. उन्हात जांभळं दिसतं, तेच आत निळं."

साडूने बायकोकडे पाहिलं. ती आधी हसली. मग दाजींचा चेहरा पाहून तिचं हसू जागीच विरलं.

"अहो दाजी, ती काच तशीच असते. तुम्हाला काय, आम्हालाही तशीच दिसते."

"तशीच म्हणजे?"

"ही पूड उजेडातले ठरावीक रंग तेवढे गिळते," साडू म्हणाला. "उन्हात सगळे रंग असतात, ट्यूबमध्ये मोजकेच. म्हणून उरतो तो रंग निराळा. काचेत विरघळली तरी खोड सोडत नाही."

"फुलदाण्या मागवणाऱ्या बाईंना तेच तर हवंय," धाकटी म्हणाली. "दिवसा एक रंग, संध्याकाळी दिव्याखाली दुसरा."

"मग मला कुणी का नाही सांगितलं?"

"तुम्हाला माहीतच असेल म्हटलं. आणि नसतं, तरी तुम्हाला सांगायला धजणार कोण?"

दोन रात्री दाजींनी छताकडे बघत काढल्या होत्या. भट्टीवाचून आपण घरात कुठे बसू, हेही ठरवून झालं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि मँगनीजचं सांगून टाकलं.

तिघांनी बुधवारचा माल बाहेर काढला. उन्हात गढूळ जांभळा, आतही जवळजवळ तसाच. नियोडिमियमची सगळी गंमत मँगनीजने झाकली होती. पूड उरली होती एका मुशीपुरती.

हीच वेळ होती टोमणा मारायची. साडूने तोंड उघडलंही. पण दाजी उरलेल्या पुडीचा डबा त्याच्यापुढे सरकवताना दिसले आणि त्याने ते मिटलं.

"दाजी, ही मूस तुम्हीच लावा," तो एवढंच म्हणाला.

दाजींनी भट्टीसमोर आपल्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल ओढलं.

"बस इथे. मी काय घालतोय ते बघ. चुकतोय वाटलं तर लगेच बोल."

"रागावणार नाही ना?"

"रागावणार," दाजी म्हणाले. "तरी बोल."