ठकीच्या काखेतला पारा

मित्रांनो, बोटभर लांबीची काचेची नळी आणि तिच्या पोटात थेंबभर पारा, एवढाच माझा देह. मी ताप मोजणारा थर्मामीटर, आता फार जुना झालेला. विलायतेत एका कारागिराने भट्टीवर काच फुंकून मला घडवले. बोटीने मी मुंबईला आलो आणि तिथून ठाण्याला, निकोलस डॉक्टरांच्या हाती. ते मला कापसात जपून ठेवत. "हा कधी खोटं सांगत नाही," असे माझ्याविषयी म्हणत. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटे.

अठराशे अठ्ठ्याण्णव साली प्लेगने आमच्या भागातली गावेच्या गावे ओस पडत होती. त्यावर टोचायचे एक नवे औषध निघाले होते. त्याचा गुण येतो का, हे पाहण्यासाठी निकोलस डॉक्टरांना कल्याणच्या खाडीकाठी एका गावात धाडले. चावडीपुढे टेबल मांडले, पण कुणी जवळ येईना. सुई पाहूनच बाया दारे लावून घेत.

पहिली पुढे आली ती मालन. ती मिठागरात राबायची. मागच्याच साली तिचा नवरा प्लेगने गेला होता.

"मना टोचा," ती म्हणाली. "माजे घरची सगली टोचून घेतील. आता आनखी कुनी जायला नको."

डॉक्टरांनी तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला. तिच्या मागे पदर धरून तिची सात वर्षांची ठकी उभी होती आणि ठकीमागे सासू सखुबाई. मालनला पाहून गावालाही धीर आला. रांग लागली.

मग डॉक्टरांनी नियम सांगितला. प्रत्येक घरात एकाला टोचायचे, पुढच्याला सोडायचे. मालनला टोचले. ठकीला सोडले. सखुबाईला टोचले.

मालन घाबरली. "पोरीला का नाय? माज्या वाटचं तिला द्या!"

"तुला तर टोचून झालं, बाई. आणि क्रम मोडला तर औषध खरं की खोटं, कळणार कसं?" डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. पण त्यांना धाडणारा गोरा साहेब शेजारीच उभा होता.

"मंग आजीच्या जागी तिला उभी केली असती ना मी! आधी सांगायचं होतंत," मालन म्हणाली. डॉक्टरांनी पुढच्या घराला हाक मारली.

टोचल्यावर मालनला दोन दिवस ताप आला. मी तिच्या काखेत होतो. ठकी आईच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवी आणि मला निरखून विचारी, "यो चांदीचा किडा हाय का?" मालनचा ताप उतरला, तेव्हा ती पोर टाळ्या पिटत अंगणभर नाचली.

महिन्याभरात गावात उंदीर मरून पडू लागले. एका गुरुवारी ठकी उठलीच नाही. तिच्या जांघेत प्लेगची गाठ आली होती. डॉक्टरांनी मला तिच्या काखेत ठेवले. एकशे चार. दुसऱ्या दिवशी एकशे पाच. मित्रांनो, मला खोटे सांगता आले असते, तर मी नक्की सांगितले असते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला पुन्हा काखेत ठेवले, पण माझा पारा फारसा चढलाच नाही. मालनला आकडे कळत नव्हते, पण रेघ खाली आलेली तिने पाहिली.

"उतरला ना ताप?" तिचा चेहरा उजळला. "डॉक्टर, उतरला ना?"

डॉक्टरांनी मला काढून घेतले आणि मान खाली घातली. ठकीचे अंग गार पडत चालले होते.

मालन आणि सखुबाई वाचल्या. गावात टोचलेली माणसे पुष्कळ जगली, न टोचलेली पुष्कळ मेली. औषध खरे ठरले. साहेबाने डॉक्टरांची पाठ थोपटली. आता साऱ्यांनाच टोचायचे ठरले, म्हणून औषधाची पेटी घेऊन आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. मालन दारात बसली होती.

"डॉक्टर, त्या दिवशी पेटीत औषध उरलं व्हतं का?"

डॉक्टरांनी हातातली पेटी खाली ठेवली. मग म्हणाले, "हो. साऱ्या गावाला पुरेल इतकं होतं."

मालन उठली, आत गेली आणि दाराला कडी घातली. डॉक्टरांनी कितीदा हाका मारल्या, पण ते दार उघडले नाही.

पुढे डॉक्टर थकले, वारले. मी एका खणात पडून आहे. माझा पारा तुटून त्याचे तुकडे झाले आहेत. आता मला कुणी हात लावत नाही, आणि लावावा असे मलाही वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या दंडावर लस टोचतात, तेव्हा थोडे दुखते. ती लस खरी ठरावी म्हणून आधी कुणीतरी आपणहून पुढे आलेले असते आणि कुणाला तरी मागे ठेवलेले असते. उद्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झाले, कुणाच्या हाती अशी पेटी आली, तर पुढे येणाऱ्या माणसाला जपा. त्याचा अंगठा घेण्याआधी त्याला सगळे सांगा. मालनला कुणी सांगितले नव्हते. आणि ठकीला तर कुणी विचारलेही नव्हते.