एकशे बारा नंबर

मित्रांनो, मी सदर भागातल्या एका छोट्या चर्चचा जुना लाकडी फळा आहे. आज काय गायचं, त्या गीतांचे नंबर माझ्यावर लागायचे. चर्चची रीतच होती, फळ्यावर लागलं ते गायचं, आणि अर्धं सोडायचं नाही.

नंबर मधुकरराव लावायचे. चाळीस वर्षं. आधी मला धोतराच्या फडक्याने पुसायचे, मग आकड्यांच्या पट्ट्या सरकवायचे. पाहुणे म्हणायचे, फळा पाहा किती चकचकीत! मला लई बरं वाटायचं.

एकशे बारा नंबर म्हणजे राजाचं गाणं. देव सिंहासनावर बसला आहे, डोंगर त्याच्यापुढे वाकतात, असं. मधुकररावांच्या बायकोचं, वच्छलाबाईंचं, ते आवडतं. कॅन्सर झाल्यावर त्या म्हणाल्या, "ईस्टरले मले एकदा घेऊन चला. राजाचं गाणं लावजा."

त्याच वर्षी गीतांची नवी पुस्तकं आली. नंबर सगळे बदलले. पेटी वाजवणाऱ्या रोशनने मधुकररावांना सांगितलंही होतं. पण ईस्टरच्या दिवशी हाताला जुनंच पाठ होतं ना. एक, एक, दोन. लावून मोकळे झाले.

नव्या पुस्तकात एकशे बारा म्हणजे मयताचं गाणं.

पहिल्या ओळीला सगळे अडखळले. पण रीत ती रीत. चारही कडवी झाली. वच्छलाबाई चाकाच्या खुर्चीत बसून म्हणत होत्या. मधुकररावांचं तोंड माझ्याकडे होतं, ते म्हणत नव्हते.

सुटल्यावर रोशन हसत आला. "काहून गा काका, ईस्टरले मयताचं गाणं! कोणाले पुरून राहिले?"

मग त्याला खुर्ची दिसली.

"मलेच गा बाबू," वच्छलाबाई म्हणाल्या. "दुसरं कोण हाय इथं?" आणि त्याच हसल्या.

बारा दिवसांनी त्या गेल्या. रोशनने हळूच विचारलं, "काका, कोणतं गाणं लावू?"

मधुकरराव म्हणाले, "ते तं गाऊन झालं गा."

त्या ईस्टरनंतर त्यांनी मला हात लावला नाही. पडदा आला, त्यावर शब्द दिसतात, नंबर लागत नाहीत. मी मागच्या खोलीत सतरंज्यांखाली आहे. माझ्यावर अजून एकशे बाराच आहे. कोणी काढला नाही.

देव राजा आहे, असं मी चाळीस वर्षं भिंतीवरून ऐकलं. असेल. इथे खाली फक्त लाकूड पोखरणाऱ्या उधळीचा आवाज येतो.

मित्रांनो, मला पुसा असं म्हणत नाही. तेवढा मी उरलोही नाही. पण राजाचं गाणं नव्या पुस्तकात कितव्या नंबरवर आहे, ते एकदा पाहून ठेवा. घरातलं कोणी मागेल, तर त्याच दिवशी म्हणा.