विहीणबाई

माझ्या लेकीला, धनश्रीला, पाहायला अमरावतीहून मंडळी आली तेव्हा फाटक उघडायला मीच गेले. गाडीतून आधी मुलाचे वडील खुशालराव उतरले. मग मुलगा किशोर, नांदगाव पेठेला कापडाच्या कंपनीत सुपरवायझर. त्याच्यामागे त्याची आत्या बेबीताई. या बाईची नजर तिच्याआधीच आमच्या घरात शिरून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली. शेवटी मुलाची आई. उतरता उतरता ती कशाला तरी हसली आणि मला तिचा समोरचा अर्धा दात दिसला. तो दात मोर्णा नदीच्या पुलावर, माझ्याच सायकलच्या कॅरिअरवरून पडून तुटला होता.

ती ललिता होती. बायोडाट्यावर नाव होतं रागिणी. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. मी माणिकची दुर्गा झाले, ती ललिताची रागिणी. कागदावरून कोण कोणाला ओळखणार? पण फाटकात तिनंही मला ओळखलं. तिचं हसू तिथंच मिटलं.

इथंच अकोल्यात, जुन्या शहरात आमची घरं समोरासमोर होती. एकीला ठेच लागली की दुसरी बोंबलायची. तिचं लग्न खानदेशात लागलं तेव्हा पाठराखीण म्हणून तिच्यासोबत मी गेले. पाठराखणीनं चार दिवस नवरीच्या सासरी राहायचं, तिचं मन रमवायचं. मन कसलं रमवते! तिसऱ्याच दिवशी त्या माणसानं तिला पट्ट्यानं मारलं. मी कोणाला विचारलं नाही, तिचा हात धरला, एसटीत बसवलं आणि अकोल्याला आणलं. पुढं सोडचिठ्ठी झाली. गल्लीतल्या लोकांची तोंडं चुकवायला तिच्या बापानं एका पहाटे घराला कुलूप लावलं आणि ते कुटुंब निघून गेलं. मला कोणीही पत्ता दिला नाही. त्यानंतर तीसेक वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बस स्टँडवर मी तिला शोधलं. आणि आता ती माझ्या सोफ्यावर बसून माझ्याच घरचा चिवडा चिवडत होती.

"तुमचं माहेर कुठचं?" खुशालरावांनी मला विचारलं.

"इथलंच. जुन्या शहरातलं."

"आमच्या यायले अकोल्याचं काई माहीत नाई. त्या मामाकडं वाढल्या, बार्शीटाकळीले," ते बायकोकडे मान करून म्हणाले.

मी ललिताकडे पाहिलं. ती गालिचा पाहत होती. एवढ्यात बेबीताईंनी कप खाली ठेवला.

"एक विचारतो, राग नका मानू. पोरीचं आधी कुठं जुळून मोडलं तं नाई ना? आमच्या घरात तसं खपत नाई बा. खुशालरावची सोयरीक पाहाले गेलो तवाबी मी हेच पयले विचारलं होतं."

ललितानं चिवड्याची बशी खाली ठेवली. मला सगळं कळलं. त्या प्रश्नाचं तेव्हा काय उत्तर दिलं गेलं असेल तेही कळलं. या खोलीत मी एक शब्द बोलले असते तर तिचा संसार उघडा पडला असता आणि माझ्या लेकीची सोयरीकही हातची गेली असती. तिकडे धनश्री आणि किशोर गॅलरीत बोलत होते आणि पोरीचा चेहरा कधी नव्हे इतका खुलला होता.

"नाही," मी म्हणाले. "काहीच मोडलेलं नाही."

मंडळी निघताना मी बायांना कुंकू लावलं. ललितापाशी आले. कुंकू लावताना चेहरे जवळ येतात, तेवढंच आम्हाला मिळालं.

"माणके," ती ओठ न हलवता म्हणाली, "मी तुले ओळखत नाई. तुया पोरीले जपीन."

माझं ते नाव घेणारं आता कोणी उरलेलं नाही. आईबाप गेले, गल्ली बदलली. तिच्या कपाळावर कुंकू जरा वाकडं लागलं.

होकार आला. मला वेडीला वाटलं, आता फोनवर तरी बोलेल. एकदा साड्यांचं ठरवायला तिचा फोन आला तेव्हा मी हळूच विचारलं, "लले, घरी कोणी आहे का?" पलीकडून आवाज आला, "विहीणबाई, मानाच्या साड्या काठाच्याच घ्या. आमच्याकडं तशाच चालतात." तेव्हा मला तिचा राग आला. भयंकर राग आला. मी हात धरून आणलं होतं हिला. मग वाटलं, माझ्याकडे पाहिलं की हिला तेच घर दिसत असणार, तोच पट्टा. मी समोर असले की ती कधीच सुटत नसणार. मैत्रीण म्हणून हे मला पचवता आलं नाही. अजूनही येत नाही.

लग्न अकोल्यालाच झालं. विहिणींच्या भेटीची वेळ आली. हार घातले, हळदीकुंकू झालं आणि बाया म्हणाल्या, आता गळाभेट घ्या. ललितानं मला मिठी मारली. रीतीला असते तशी उभ्याउभी नाही, चांगली घट्ट, जीव गोळा करून. तिचं काळीज माझ्या छातीला धडधडताना जाणवत होतं.

"सोडा आता," बेबीताई हसल्या. "पयल्यांदा भेटल्या का जन्माच्या मैतरणी हाय, समजून नाई राहिलं."

ललितानं झटकन हात सोडवले. पदर सारखा केला. "पोरीची काळजी करू नका तुमी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि आपल्या माणसांत जाऊन उभी राहिली.

मला रडू आवरेना. बाया गोळा झाल्या, कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवरून हात फिरवला. "लेक का लांब चालली? अमरावती तं हाय," त्या म्हणत होत्या.

मी मान हलवत राहिले. धनश्री त्या वेळी माझ्या मनातही नव्हती.